खलनायक शोधताना सापडलेले सायब

"तुमचा खलनायक सकाळी उठून दात घासतो का हो?" पुण्याहून संपादक बाईंनी फोनवर विचारलं.

मी जालन्यात माझ्या खता-बियाण्यांच्या दुकानात बसलो होतो. समोर एक गिऱ्हाईक फवाऱ्याचं नोझल हातात घेऊन उभं होतं. मी जरा आवाज खाली घेऊन म्हटलं, "तसा उल्लेख आलेला नाही."

"तेच म्हणते मी. तो काहीच करत नाही. नुसता हसतो."

माझ्या कादंबरीत शनीच्या एका चंद्रावर काचेच्या घुमटाखाली मराठवाड्यातली चारशे कुटुंबं जाऊन राहिलेली आहेत. तिथं ती शेती करतात आणि तिथंही त्यांना पाण्याची ओरड आहेच. त्यांच्यावर राज्य करायला टपलेला एक महाधिपती मी उभा केला होता. काळा झगा, लोखंडी उजवा हात, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गडगडाटी हास्य. बाई म्हणाल्या, घुमट छान आहे, माणसं छान आहेत, हा तेवढा शाळेच्या गॅदरिंगमधला आहे. याची कुणाला भीती वाटणार नाही. जिवंत माणूस शोधा, मग आपण पुस्तक करू.

दुकानातल्या गिऱ्हाइकांमधल्या वेळात, कितीतरी वर्षं लिहीत आणलेली ती माझी पहिली कादंबरी. ती त्या एका माणसापायी अडली होती. म्हणून मी खलनायक शोधायला लागलो. मुलीसाठी स्थळं बघावीत तसा मी ओळखीपाळखीतली माणसं बघत सुटलो. एक कारकून बघितला, एक पुढारी बघितला. माझा मेहुणा सगळ्यात जवळचा होता आणि त्याच्यात गुणही होते, पण माझी बायको हस्तलिखित वाचते. तसंही ही सगळी माणसं आपल्या पोटासाठी वाईट वागणारी. पोट भरलं की घरी जाऊन झोपणार. यांच्या हातून फार तर एखादी सोसायटी बुडेल, अख्खा चंद्र बुडणं शक्य नव्हतं.

मग एका सकाळी बायको मेथी निवडत होती. जुडीतली एक काडी तिनं उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, "ही कुठून आली बाई?" अगदी मायेनं म्हणाली आणि काडी बाजूला टाकली. मी हातातला चहा खाली ठेवला. मला माझा माणूस सापडला होता, आणि तो माझ्या आयुष्यात भेटलेला सर्वांत सज्जन माणूस होता.

आम्ही त्यांना सायब म्हणायचो. शेतावरच्या बाया त्यांच्यामागं भेसळ सायब म्हणायच्या. कृषी महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी दोन हंगाम जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत त्यांच्या हाताखाली होतो. काम शेतकऱ्यांच्या रानात कंपनीसाठी लावलेल्या कपाशीच्या प्लॉटांचं. संकरित बी तयार करायचं तर नर झाडांच्या ओळी वेगळ्या, मादी झाडांच्या वेगळ्या. दुपारनंतर बाया मादी ओळींतल्या कळ्यांचे पुंकेसर खुडून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांवर नराचं फूल फिरवतात. हजारो झाडांत एखादं परक्या जातीचं, म्हणजे भेसळीचं, राहिलं तर सगळं बी बिघडतं. ते एखादं झाड हुडकायचं आणि फूल उमलायच्या आत उपटायचं, हे सायबांचं काम. प्लॉट पास की नापास हेही तेच ठरवायचे. नापास म्हणजे कंपनी ते बी घेत नाही, शेतकऱ्याचा हंगाम वाया.

शिक्षण बारावी नापास. मी पदवीधर, म्हणून त्यांनी माझं नाव पहिल्याच दिवशी बीएस्सी ठेवलं आणि पुढं कधी खऱ्या नावानं हाक मारली नाही. पण बीएस्सी म्हणताना त्यात टोमणा नसायचा. मला काही समजलं नाही तर ते म्हणायचे, "तुम्ही पुस्तकात बघा, मी झाडात बघतो. दोघं मिळून बराबर निघंल."

प्लॉटवर आले की बांधावर चपला काढायचे. भर उन्हात, ढेकळांतून, अनवाणी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चप्पल असली की माणूस जल्दी चालतो. जल्दी चाललं की सगळी झाडं सारखीच दिसतात." एका एकराला ते अख्खी सकाळ लावायचे. आणि परकं झाड सापडलं की त्याच्यासमोर उकिडवे बसायचे. पान उलटं करून लव बघायचे, देठाचा रंग बघायचे, आणि त्या झाडाला विचारायचे, "तुम्ही कुठले? इकडं कसे काय आलात?" झाडाशी अहो-जाहो. मग दोन्ही हातांनी बुडाला धरून, मूळ तुटू न देता, हळूच उपटायचे आणि बांधावर सावलीत आडवं ठेवायचे. फेकलेलं मी कधी बघितलं नाही. हे असं करताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नसायचा. उलट जरा वाईट वाटल्यासारखं दिसायचं. तरी हात थांबायचा नाही.

ही त्यांची नजर शेतापुरती राहिली असती तर ठीक होतं. एकदा आम्ही वाटूरला एका लग्नाला गेलो होतो. पंगत बसली होती, मी जिलबीत रमलो होतो. सायब वाढप्याला थांबवून म्हणाले, "तिसऱ्या रांगेतले ते सहावे गृहस्थ या लग्नाचे न्हाईत." चौकशी केली तर खरंच ते फाट्यावर उतरून वेगळ्याच लग्नाला निघालेले आणि चुकून या मांडवात शिरलेले. ते बिचारे पानावरून उठायला लागले. सायब त्यांच्याजवळ गेले, हाताला धरून परत बसवलं आणि म्हणाले, "जेवून घ्या. मंग मी तुम्हाला तिकडं सोडतो." आणि मोटारसायकलवर बसवून सोडून आले. सायबांना कुणाला उठवायचं नव्हतंच. फक्त कोण कुठला हे बरोबर लागलं पाहिजे, एवढाच आग्रह.

घरी काकू, म्हणजे सायबांच्या बायको, त्यांना डाळ निवडायला द्यायच्या नाहीत. "यांना दाळ दिली की जेवण दिवस मावळताना," असं त्या म्हणायच्या.

पण त्यांची सगळ्यात अवघड सवय चहाची. आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरी गेलं आणि चहा नाकारला तर तो अपमान. सायब निकाल द्यायच्या आधी पाण्याशिवाय काही घ्यायचे नाहीत. आणि निकाल दिल्यावर हमखास चहा मागायचे. प्लॉट नापास केला तर आवर्जून मागायचे. घरातली माणसं सुतकी तोंडानं बसलेली असायची आणि हे ओसरीवर मांडी घालून म्हणायचे, "थोडा चहा टाका." एकदा एका बाईंनी साखरेऐवजी मीठ घातलं. सायबांनी कप रिकामा करून खाली ठेवला, म्हणाले, "चांगला झालता," आणि पोरांची शाळा वगैरे विचारून मगच उठले. बाहेर आल्यावर मी चिडलो होतो. ते म्हणाले, "पास केलेल्या घरी चहा कोनीबी पाजतं, बीएस्सी. ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारातून पळून कशाला जायाचं?" त्या दिवशी मला या माणसाचा फार अभिमान वाटला होता. आजही वाटतो.

मेथीच्या त्या काडीवरून हे सगळं आठवलं आणि शेवटी आठवली धावड्याकडची आजी.

धावड्याजवळच्या एका वस्तीवर दोन भावांचा प्लॉट होता. कष्टाळू माणसं, प्लॉट आरशासारखा स्वच्छ. सायब खूश होते. परत निघताना ते विहिरीजवळ थबकले. तिथं एक पुरुषभर उंच झुडूप होतं. देवकापूस. घरच्या वाती-वस्त्रासाठी बायका दारात लावतात तो. भावांना ते झाड डोळ्यांना इतकं सवयीचं झालं होतं की तोही कापूसच आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. नियमाप्रमाणं प्लॉटपासून ठरलेल्या अंतरात दुसरा कसलाही कापूस चालत नाही. मी टेप धरला. झाड त्या अंतराच्या बरंच आत होतं.

थोरला भाऊ हळू आवाजात म्हणाला, "सायब, आई देवळात गेल्यावर तोडून टाकतो. तिला कळू देत न्हाई."

"न्हाई," सायब म्हणाले. "झाड त्यांचं हाय."

मग त्यांनी आजीला बोलावलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. झाड किती वर्षांचं, कुठून आणलं, सगळं विचारलं. आजी रंगून सांगायला लागली. "माझ्या लग्नात आईनं पदराच्या गाठीत बी बांधून दिल्तं. एक वाळलं की त्याच्याच बियाचं दुसरं लावते. हे तिसरं. श्रावणात माझ्या लक्ष वाती असत्यात. इकतच्या कापसाला मी हात लावत न्हाई."

"मला दाखवा कशी वळतात ती वात," सायब म्हणाले. तिनं दाखवली. त्यांनी मांडीवर घासून तीन वाती वळल्या, तिन्ही वाकड्या. आजी पोट धरून हसली. आणि ती हसायची थांबल्यावर सायबांनी त्याच आवाजात सांगितलं, "आजी, हे झाड प्लॉटच्या लई जवळ हाय. हे राहिलं तर तुमच्या पोरांचा प्लॉट मला पास करता येत न्हाई. मी तोडा असं म्हननार न्हाई. तुमचं झाड, तुमचाच प्लॉट. तुम्ही सांगाल तसं लिहितो."

पोरं खाली बघत होती. आजी उठली, आत गेली आणि कोयता घेऊन आली. पोरांना हात लावू दिला नाही. बुंधा जाड होता, तिला वेळ लागला. सायबांनी फुटलेली बोंडं एक एक वेचून स्वतःच्या रुमालात बांधली आणि तिच्या हातात दिली. मी वहीत लिहिलं, देवकापसाचे एक झाड काढले, प्लॉट पास.

ते लिहिताना मला महाविद्यालयातला एक तास आठवत होता. आमचे सर सांगायचे, देवकापूस वेगळ्या कुळीचा. आपल्या या कपाशीशी त्याचं जमत नाही, परागकण पडले तरी बोंड धरत नाही, धरलं तरी गळून जातं. आजी कोयता घेऊन आली तेव्हाच मला हे आठवलं होतं. पण नियमात कापूस असा शब्द होता, कुठला कापूस ते लिहिलेलं नव्हतं. सायब एवढे अनुभवी. मी दुसऱ्या हंगामातला पोरगेला पदवीधर. आणि खरं सांगायचं तर सगळं इतकं सुंदर चाललं होतं की मध्ये बोलून ते मोडायला मला नको वाटलं. मी गप्प बसलो.

मला खलनायक मिळाला तो असा. झगा गेला, लोखंडी हात गेला, हसणं पूर्ण बंद झालं. आता घुमटाखाली एक निरीक्षक आला. अनवाणी चालतो, सगळ्यांना अहो-जाहो करतो. नव्या हवेत ज्याचा श्वास जरा वेगळा लागतो अशा माणसासमोर उकिडवा बसतो, त्याच्या आईची गुडघेदुखी विचारतो, आणि त्यालाच ठरवायला लावतो की घुमटाबाहेर कधी जायचं. माणसं स्वतःच्या पायांनी दरवाज्यापर्यंत जातात. चार प्रकरणं मी आठ दिवसांत लिहिली. बाईंचा फोन आला. "आता भीती वाटली. हा माणूस कुठं मिळाला तुम्हाला?" मी म्हटलं, असाच एक परिचित.

फोन ठेवला आणि मला लाज वाटली. ज्या माणसानं मला शेतात चालायला शिकवलं त्याला मी शनीच्या चंद्रावर नेऊन माणसं मारायला लावलं होतं. पुस्तक निघाल्यावर कुणीतरी त्यांना वाचून दाखवणारच. त्यापेक्षा आपणच जाऊन वाचावं, त्यांनी नको म्हटलं तर चार प्रकरणं फाडून टाकावीत, असं ठरवून मी कुंभार पिंपळगावला गेलो. निवृत्त झाल्यापासून ते तिथं राहतात.

सायब अंगणात पोत्यावर बसून बोटांनी सरकीपासून कापूस वेगळा करत होते. अंगणाच्या कोपऱ्यात देवकापसाचं झाड होतं. काकू म्हणाल्या, "बघा, रिटायर झाल्यावर वाती वळायला लागले. आता एवढंच राह्यलं व्हतं."

मी येण्याचं कारण सांगितलं. काही न लपवता सांगितलं की यातला वाईट माणूस तुमच्यावरून घेतलाय. सायब म्हणाले, "वाचा तर खरं," आणि डोळे मिटून बसले. मी वाचत गेलो. काकू मधे उठून गेल्या, परत आल्या. एका ठिकाणी काकू हसल्या, कारण तो निरीक्षक घरात डाळ निवडत होता. सायब हसले नाहीत. चारही प्रकरणं संपली तेव्हा मी कागद खाली ठेवले.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "वाईट वाटलं मला. पन लिवलंय बराबर."

"सायब, तुम्ही म्हणाल तर फाडून टाकतो."

"कशाला फाडता? मला एक सांगा. हा माणूस कधी चुकतो का?"

"नाही. तीच तर त्याची ताकद आहे."

"मंग तो काई खरा न्हाई," सायब म्हणाले. "मी चुकलोय. त्या आजीचं झाड तोडायची बिलकुल गरज नव्हती. तुम्ही नोकरी सोडून गेल्यावर दुसऱ्या वर्षी विद्यापीठाचे एक डॉक्टर आल्ते, त्यांना विचारलं. ते म्हनले, देवकापसाचा या कपाशीला काहीच धोका न्हाई. रातभर झोपलो न्हाई मी. दुसऱ्या दिशी धावड्याला गेलो. आजीला सांगितलं, तिच्या पोरांसमोर सांगितलं, बाया काम करून राह्यल्या व्हत्या, त्यांच्यासमोर सांगितलं. का आजी, माझी चूक झाली, झाड राहू शकत व्हतं."

"त्या काय म्हणाल्या?"

"काई न्हाई. बी हाय का म्हनल्या. रुमालातल्या बोंडांचं बी तिनं टाकून दिल्तं, परत लावायचंच न्हाई म्हनून. मंग हे हुडकून आनलं, लावलं. दर श्रावणात कापूस नेऊन देतो. तिच्या आईचं बी ते न्हाईच, पन देतो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही तर शिकलेले व्हता, बीएस्सी. तुम्हाला म्हाईत व्हतं का तवा?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. पान उलटं करून बघावं तसं त्यांनी विचारलं होतं. नाही म्हणालो असतो तर त्यांनी विश्वास ठेवला असता आणि आम्ही काकूंच्या हातचे पोहे खाऊन हसत उठलो असतो.

"होतं," मी म्हटलं.

काकूंनी हातातलं काम थांबवलं. सायबांनी बोटांतला कापूस पोत्यावर ठेवला.

"बोलायचं व्हतं मंग," ते म्हणाले. "मी ऐकलं असतं."

त्यांनी ऐकलं असतं हे मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या निरीक्षकात आणि त्यांच्यात नेमका तेवढा फरक होता आणि मी चार प्रकरणांत तो गाळून टाकला होता. त्यांच्यावर रागवायला, त्यांना भिऊन गप्प बसलो असं म्हणायला मला जागाच नव्हती. मी भिऊन गप्प बसलो नव्हतो. मला त्यांचं कौतुक वाटत होतं म्हणून गप्प बसलो होतो.

निघताना ते फाटकापर्यंत आले. म्हणाले, "पुस्तक काढा. माझी काई हरकत न्हाई. फक्त त्यात तुम्ही कुठं दिसला न्हाई मला. झाड तोडताना आपन दोघं व्हतो."

घरी येऊन मी निरीक्षकाच्या शेजारी एक माणूस उभा केला. हातात वही, चांगला शिकलेला. कुणाचा श्वास का वेगळा लागतो आणि त्यात काहीच धोका कसा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो सुंदर अक्षरात नोंदी करतो. मला महाधिपतीला लिहायला अकरा वर्षं लागली होती, याला दोन दिवस पुरले.

आणि मग मी धावड्याला गेलो. आजी आता खूप थकलीय, नजर अधू झालीय, पण ओट्यावर बसून वाती वळतेच. मी जवळ बसून म्हटलं, "आजी, वळखलं का? सायबांसंगं आल्तो मी. तुमचं विहिरीजवळचं झाड तोडलं त्या दिशी."

"सायब येत्यात की दर श्रावणात," ती म्हणाली. "देवमाणूस हाय."

"हां. पन त्या दिशी मी बी व्हतो. वही घेऊन इथंच उभा व्हतो, टेप मीच धरला व्हता."

ती विचार करायला लागली. तिची सून दारातून म्हणाली, "आत्याबाईंना समदं आठवतं. कोनाचं बारसं कोन्त्या वारी झालं ते बी सांगतील."

आजीनं माझ्या चेहऱ्याजवळ चेहरा आणून नीट बघितलं. मग मान हलवली.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "त्या दिशी सायब एकलेच व्हते. दुसरं कोनी नव्हतं."

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यालो, आजीच्या समोर खाली जमिनीवर बसलो आणि सांगायला सुरुवात केली.